अक्काची शपथ आणि माल्टाचं पाणी

मुक्काम माल्टा
(गावाचं नाव लिहिता येतं, पण उच्चारता येत नाही, म्हणून सोडून दिलं.)

तीर्थस्वरूप धुरपदाअक्काच्या पायांवर धाकट्या दिगंबरने भर समुद्रातून टेकवलेलं डोकं मान्य व्हावं. तुझे गुडघे कसे आहेत? मी दिलेलं तेल लावतेस, की बाटली देवळीत शोभेला ठेवलीस? जसोंडीच्या मळ्यातल्या आपल्या केळीला यंदा वाऱ्याचा मार तर बसला नाही ना? इकडे मी, तुझी भावजय कुसुम, लेक प्राजक्ता आणि जावई भूपेंद्र, चौघंही खुशाल. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही (भिंतीपलीकडची बाई लगेच काठी आपटते), म्हणून हे पत्र. त्याचे फोटो वैजयंतीच्या मोबाइलवर टाकतो, सूनबाई तुझ्या कानाशी बसून वाचेल. (वैजयंती, इथून पुढे कंसातलं मनातल्या मनात वाच. मध्येच का थांबलीस असं अक्काने विचारलं, तर मामांचं अक्षर लागत नाही म्हण.)

अक्का, तू बुऱ्हाणपूरच्या फलाटावर गाडी सुटता सुटता खिडकीतून माझा हात धरलास आणि म्हणालीस, ‘दिगू, लेकीच्या घरचं अन्न बी नको आन् पानी बी नको. नातवंड मांडीवर येईपर्यंत नाही. आपल्या घरात असंच चालत आलंय. माझी शपथ आहे तुला!’ गाडी हलली, म्हणून मी घाईघाईत हो म्हटलं. वाद घालायला भुसावळपर्यंत तरी वेळ हवा होता. कुसुम तेव्हा आत जागा धरून बसली होती, त्यामुळे शपथ एकट्या मला पडली. ती पहिल्या दिवसापासून लेकीकडे ताटावर ताटं चापते आहे आणि वर मला विचारते, ‘अहो, तुमचं काय चाललंय?’ विमानाची तिकिटं भूपेंद्रने काढली होती खरी, पण ती शपथेच्या आधीची. मागच्या तारखेची शपथ लागू होत नाही, असं मी ठरवून टाकलं आहे. झोपण्याबद्दल आणि पंख्याच्या वाऱ्याबद्दल तू काही बोलली नव्हतीस, तेव्हा तेवढं फुकट घेतो.

बाकी सगळं विकत. आता हे बेट म्हणजे काय, तर साऱ्या जगातले लोक पैसे उडवायला येतात ती जागा. कपडे कमी घालतात आणि खर्च जास्त करतात. इथला एक युरो म्हणजे आपले शंभराच्या आसपास रुपये. गुणाकार सोपा आहे, तोच घात. अवघड असता तर मी नादच सोडला असता. समुद्राकाठी एका खुर्चीवर टेकलो, तर पोरगा येऊन म्हणाला, बसायचे पैसे. उठलो आणि खडकावर बसलो. खडक तापलेला होता, पण फुकट होता. (वैजयंती, कुठे भाजलं ते अक्काला सांगायची गरज नाही.) जेवणाच्या हॉटेलांच्या पाट्या मी बाहेरूनच वाचतो आणि वाचूनच पोट भरतं. त्यातल्या त्यात पास्तीत्सी नावाचा एक पदार्थ गरिबाला परवडतो. खारीच्या पोटात वाटाण्याची उसळ भरली तर कशी लागेल, तसा. पहिले काही दिवस मी त्याच्यावरच काढले. मग पोटाने तक्रार केली, तेव्हा देशी दुकानातून माझी वेगळी तूरडाळ आणि वेगळी कणीक आणली. तेव्हापासून कुसुम एकाच गॅसवर दोन कुकर लावते, एक जावयाच्या डाळीचा, एक सासऱ्याच्या.

केळीबद्दल न लिहिलेलंच बरं होतं, पण तीस वर्षं मंडीत केळीचीच दलाली केली, हात राहत नाही. इथे केळं घडाने नाही, तराजूत घालून मिळतं, दोन-दोन, तीन-तीन. ती म्हणे अर्ध्या जगाला वळसा घालून बोटीने येतात. मी एक दाबून पाहिलं. घाईने पिकवलेलं, वरून पिवळं आणि आत दगड. मी दुकानदाराला हे समजावून सांगायला गेलो, तर त्याला वाटलं, हा भाव पाडतोय. त्याने हात जोडले (अक्षरशः जोडले, आपल्याकडून शिकला असावा) आणि मालाला हात लावू नका म्हणाला. बुऱ्हाणपूरच्या माणसाला कुणी केळीला हात लावू नको म्हणावं! त्या दिवशी मी जेवलोच नाही. म्हणजे पास्तीत्सी खाल्ल्या, पण मन लावून नाही.

आता प्रवासाचं ऐक. आपला भूपेंद्र इथे बस चालवतो, हे तुला माहीतच आहे. गोऱ्या लोकांनी भरलेली लांबलचक बस हा रावेरचा पोरगा अरुंद बोळातून अशी काढतो, की दोन्ही बाजूंच्या भिंती पोट आत घेत असतील. मला अभिमान वाटतो, पण अभिमान वेगळा आणि तिकीट वेगळं. एकदा आम्ही दोघं थांब्यावर उभे आणि नेमकी त्याचीच बस आली. कुसुम सरळ आत जाऊन खिडकीशी बसली. मी नोट पुढे केली, म्हटलं, जावईबापू, दोन तिकिटं. तो कानापर्यंत लाल. ‘मामा, बसून घ्या ना! लोकं पाहून राहिले. मी भरतो ना नंतर.’ मी म्हटलं, तिकीट दिल्याशिवाय बस हलणार नाही. तो म्हणाला, ‘अहो, बस मी चालवून राहिलो ना!’ मुद्दा बरोबर होता, पण मी मागे हटलो नाही. तो पैसे घेईना आणि मी बसेना. मागे रांग लागली, कुणी घड्याळ पाहतंय, कुणी आमचा फोटो काढतंय. शेवटी पावाची पिशवी घेतलेल्या एका इथल्या म्हातारीला वाटलं, बिचाऱ्याकडे सुटे पैसे नाहीत. तिने स्वतःच्या पर्समधून नाणी काढून भूपेंद्रसमोर खणकन ठेवली, मला दंडाला धरलं आणि शेजारी बसवून घेतलं. म्हणजे सख्ख्या जावयाचा पाहुणा व्हायला नको म्हणून मी एका अनोळखी बाईचा झालो! परक्या बाईबद्दल तुझ्या शपथेत काही नव्हतं, हे नशीब. मी नोट देऊ लागलो तर ती घेईना. मग कुसुमने पिशवीतून आपल्या बुऱ्हाणपूरचा रव्या-तुपाचा दराबा काढून तिच्या हातावर ठेवला. तिने खाल्ला, डोळे मिटले, आणि उतरताना कुसुमच्या गालांचे दोन मुके घेतले. कुसुम अजून त्या गालांना पावडर लावत नाही.

तिकीट मात्र दोन तास चालतं. एकदा फाडलं की दोन तास कितीही बस बदला. मग उतरायचं कशाला? आम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो आणि वेळ उरला तर परत निम्म्यापर्यंत येतो. बेट पाहून झालं का, असं कुणी विचारलं, तर बसलेल्या अंगाने सगळं पाहिलं, असं सांगतो. पिवळसर दगडाची घरं, त्यांना रंगीत लाकडी सज्जे, आणि होड्यांच्या नाकाडावर रंगवलेले दोन-दोन डोळे. होडी आपल्याकडे टक लावून पाहते, अक्का. मी पहिल्यांदा नमस्कारच केला.

पलीकडे गोझो नावाचं धाकटं बेट आहे. तिकडे मोठ्या बोटीने गेलो. जाताना कुणी पैसेच मागेना! मी संशयाने सगळ्या बोटीवर तिकिटाची खिडकी शोधत फिरलो, भूपेंद्र नुसता गालात हसत होता. परत येताना कळलं, पैसे येतानाच घेतात, दोन्ही खेपांचे एकदम. ज्याने ही युक्ती काढली तो नक्की केळीचा व्यापारी असणार. घड कापून, गाडी भरून झाली की मगच भाव सांगायचा. मी त्या खिडकीसमोर आदराने उभा राहिलो आणि चौघांचे पैसे स्वतः भरले. जावई नको नको म्हणत असताना भरले, याची तू नोंद घ्यावीस.

पण अक्का, खरा खर्च पाण्याचा. आणि तो पैशांचा मुळीच नाही. इथे नदी नाही. आपल्याला घरच्या घाटावर तापी आहे, म्हणून तिची किंमत नाही. इथे समुद्राचं पाणी गोडं करून नळाला सोडतात आणि तरी ते जिभेला जरा खारटच लागतं, म्हणून लोक प्यायला बाटल्या आणतात. प्राजक्ताच्या घरीही बाटल्याच. पण लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, म्हणून मी कोपऱ्यावरच्या दुकानातून माझ्या वेगळ्या आणतो, सहांचा गठ्ठा, आणि तीन मजले चढतो. लिफ्ट नाही. रिकाम्या बाटल्या एका मशिनच्या तोंडात घातल्या की थोडे पैसे परत मिळतात. ते मशिन म्हणजे या बेटावरची माझी सगळ्यात आवडती जागा. स्वयंपाकघरात ओट्याच्या डावीकडे माझ्या बाटल्या, उजवीकडे त्यांच्या. चुकून अदलाबदल नको, म्हणून मी माझ्या बाटल्यांच्या गळ्याला दोरा बांधला.

परवा प्राजक्ता हॉस्पिटलातून ड्युटी संपवून आली, तेव्हा मी दुसऱ्या मजल्यावर गठ्ठा खाली ठेवून धापा टाकत बसलो होतो. तिने गठ्ठा उचलला. मी म्हटलं, ठेव, माझं मी आणतो. तर पायरीवर माझ्या शेजारीच बसली आणि रडायला लागली. म्हणाली, ‘बाबा, मी दिवसभर अनोळखी म्हाताऱ्यांना पाणी पाजते. डोकं हाताने उचलून पाजते. आणि माझा स्वतःचा बाप माझ्या घरात दोरा बांधलेली बाटली घेऊन बसतो. मी काय परकी झाली का?’ मी म्हटलं, अक्काची शपथ आहे गं. ती म्हणाली, ‘आत्याला सांगा, मी तिची भाची आहे, मला बी राग येतो.’ तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. सकाळी चहा करते, माझ्यासमोर कप ठेवते, तो गार होतो आणि मग ती तोच बेसिनमध्ये ओतते. रोज ठेवते आणि रोज ओतते. ते मला बघवत नाही.

शिवाय तिची तब्येतही बरी दिसत नाही. फोडणीचा वास आला की सज्ज्यात जाऊन उभी राहते. मी म्हटलं, इथलं तेल वाईट. कुसुम आणि ती कोपऱ्यात कुजबुजतात आणि मी गेलो की भाजीच्या भावाच्या गप्पा काढतात. काल कुसुम सगळ्या बेटावर डिंक शोधत होती. तिची कंबर दुखत असेल, पण विचारलं तर हसते. असो. येत्या आठवड्यात आम्ही निघतो, तेव्हा लेकीचा रुसवा तसाच ठेवून निघावं लागणार, एवढंच मनाला लागतं. तू काळजी करू नकोस. शपथ अखंड आहे. थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि तुझ्या गुडघ्यांना माझ्या गुडघ्यांचा रामराम.

तुझा,
दिगू

ता. क. पत्र मिटून उठलो, तर तिघं समोर रांगेत उभे. कुसुमने सांगितलं आणि मी मिटलेलं पत्र पुन्हा उघडलं. अक्का, आता कामाचं विचारतो, नीट ऐकून निवाडा दे. नातवंड मांडीवर येईपर्यंत नाही, असं तू म्हणाली होतीस. पण ते मांडीवर आलेलं नसलं आणि निघालेलं असलं, तर? गाडी सुटली आहे, दिवाळीच्या आसपास पोचेल. तू आत्याआजी होणार! चालेल की नाही, तेवढं वैजयंतीच्या मोबाइलवरून लगेच कळव. (वैजयंती, अक्का नाही म्हणाली तर ते कळवू नकोस.)

ता. क. दुसरं. आनंदाच्या भरात कुसुमने कबूल केलं, की माझी डाळ आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून डाळ एकच होती, जावयाची. दोन कुकर कोण घासणार, म्हणून दुसरा नुसत्या पाण्यावर शोभेला शिट्ट्या मारत होता. म्हणजे शपथ कधीच मोडली आहे आणि तुला काही झालेलं नाही, असं वैजयंतीने काल पाठवलेल्या तुझ्या फोटोवरून दिसतं. तेव्हा खरं मागणं हे. वैजयंती, अक्काच्या पासपोर्टचं बघ. बाळंतपणाला प्राजक्ताला आई नको, आत्या हवी, कारण आईला डिंकाचे लाडू जमत नाहीत (हे कुसुमनेच लिहायला सांगितलं). अक्का, नाही म्हणू नकोस. बसचं तिकीट तुझं तू काढ, मी मध्ये पडणार नाही.

ता. क. तिसरं आणि शेवटचं. तुझा निरोप येईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. राहवलं नाही. प्राजक्ताने पेला भरून पुढे केला आणि मी तिच्या हातून घटाघटा प्यालो. मी म्हटलं, पोरी, पाणी जरा खारट लागतंय, नळाचं दिलंस का? ती म्हणाली, ‘नाही बाबा, बाटलीतलंच आहे.’