अंगणातली शुद्ध माती

३ फेब्रुवारी
आजपासून शहराच्या मातीतल्या शिशाचा नकाशा. एकशेवीस ठिकाणं, तीन महिने. रिकामटेकडेपणा, असं बायको म्हणाली. तिला शास्त्रीय दृष्टी नाही.

९ फेब्रुवारी
एक ठिकाण झालं. गुडघा धरला.

२ मार्च
तुलनेला शुद्ध माती हवी. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, लांब डोंगरावरून आणा. डोंगर कशाला? घरचं अंगण आहे. ना कारखाना, ना रहदारी. खिडक्यांचा पन्नास वर्षांपूर्वीचा रंगसुद्धा गेल्या वर्षी मीच खरवडला आणि भुकटी गुलाबांच्या बुडाशी घातली. कचरा बाहेर जाऊ दिला नाही.

१८ एप्रिल
एकूण वीस ठिकाणं. वीससुद्धा पुष्कळ झाली. मुलगी नातीला घेऊन राहायला आली आहे. नात दीड वर्षाची, दिवसभर अंगणात. माती तोंडात घालते म्हणून बायको ओरडत होती. मी म्हटलं, खाऊ दे, शहरातली सगळ्यात स्वच्छ माती आहे.

५ मे
लॅबचे आकडे आले. अंगणाचा आकडा जरा मोठा वाटला, पण तुलनेची माती ती तुलनेची माती. प्रत्येक ठिकाणाच्या आकड्यातून तो वजा केला. बस डेपो उणे, भंगार बाजार उणे. शहर शुद्धाहून शुद्ध! नगरपालिकेला अभिनंदनाचं पत्र लिहिलं.

६ मे
मॅडमचा फोन. म्हणे शिसं उणे नसतं. शिकलेल्या माणसांना चांगली बातमी पचत नाही.

७ मे, सकाळी १०
मॅडम मशीन घेऊन आल्या. गुलाबांपाशी लावलं, आकडा पाहिला, पुन्हा लावलं. मग विचारलं, "इथं लहान मूल खेळतं का?"
बायकोनं नातीला उचलून घरात नेलं.

१९ मे
नातीच्या रक्तात शिसं जास्त निघालं. डॉक्टर म्हणाले, परिणाम आत्ताच सांगता येणार नाही, काही वर्षं लक्ष ठेवावं लागेल. मुलगी तिला घेऊन गेली. जाताना नातीच्या चपला फाटकाबाहेर झटकल्या.

२० मे
नकाशा पुन्हा काढला. सगळ्यात लाल टिंब आपल्या घरावर. शिसं खिडक्यांच्या जुन्या रंगातलं. उद्यापासून अंगणातली फूटभर माती काढून टाकायची. एकट्यानं. नात परत येईपर्यंत सगळी.

२१ मे
एक घमेलं भरलं. फाटकापर्यंत नेलं. कुठं टाकायचं ते कळेना. परत आणून गुलाबांपाशी ओतलं.