सोमवारचा आकडा

प्रिय वहिनी,

तू गेलीस त्याला आज पाच दिवस झाले. पोटाचा पट्टा आता माझा मीच बांधते. तिरका बसतो, पण बसतो. ताठ उभं राहता येत नाही अजून. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जाते ती जमिनीवर पडलेली सुई शोधत असल्यासारखी. टाक्यांच्या मधोमध पेरभर जागा उघडली होती ना, ती तेवढीच आहे. नर्सबाई एक दिवसाआड येतात, त्यात पट्टी भरतात आणि प्रत्येक वेळी तेच सांगतात, की भरेल, वेळ लागेल. मी म्हटलं, बाई, वेळ सोडून माझ्याकडे दुसरं आहे काय?

पाकीट बघून तुला वाटेल, ताईंचा फोन बिघडला की काय. फोन धडधाकट आहे. पण फोनवर तू मध्येच बोलशील, पिल्लू मागून आत्या आत्या करत ओरडेल, आणि मला जे सांगायचंय ते मी पुन्हा गिळून टाकीन. दोन वर्षं तेच करतेय. म्हणून आधीच सांगून ठेवते. हे वाचल्यावर तू कदाचित माझ्या घराची पायरी चढणार नाहीस, सुट्टीत पिल्लूलाही पाठवणार नाहीस. तुम्हा दोघींशिवाय मला कोणी नाही, हे तुला ठाऊक आहे. तरी लिहिते आहे. फक्त एकदम मुद्द्यावर यायला जमत नाहीये, तेवढं सांभाळून घे.

ऑपरेशनच्या दिवशी भूल उतरल्यावर मी पहिलं काय विचारलं, आठवतंय? किती निघालं. सर्जनबाई हसल्या, म्हणाल्या असं कोणी विचारत नाही. तीन किलो चारशे ग्रॅम नुसती कातडी. लोंबणाऱ्या त्या घडीखाली बारा महिने चट्टे, पाणी सुटायचं, वास यायचा, पावडर थापून थापून मी कामावर जायचे आणि कोणी जवळ आलं की मागे सरकायचे. ती घडी गेली. बरं वाटायला हवं होतं. बेंबीसुद्धा नवी करून दिलीय त्यांनी, माझी मला ओळखू येत नाही. टाक्यांखालची जागा बधिर आहे, हात ठेवला तर दुसऱ्याच कुणाच्या पोटावर ठेवल्यासारखा वाटतो. आणि मला सारखं वाटत होतं, की तू ही सगळी सेवा चुकीच्या बाईची करते आहेस.

सोळा दिवस तू राबलीस. मला उठवायचं म्हणजे आधी कुशीवर, मग हाताच्या आधाराने, मग हळूच पाय खाली. तुझ्या मानेला लटकून मी उठायचे आणि तू म्हणायचीस, अहो ताई, पूर्वीच्या असतात तर आपण दोघी एकदमच आडव्या झालो असतो. हसवू नकोस, टाके ओढतात, म्हणून मी ओरडायचे. जखमेतलं पाणी ओढणाऱ्या नळ्यांना लोंबणारे ते प्लास्टिकचे दोन फुगे तू सकाळ-संध्याकाळ रिकामे करायचीस, नाक न मुरडता. सख्ख्या बहिणीने केलं नसतं. मला वहिनी लाभली आणि तुला ही असली नणंद.

आता मुळापासून सांगते. पोस्टातल्या पार्सलच्या खिडकीवर मला तेवीस वर्षं झाली. माझ्या खिडकीवर दोन ग्रॅमचीही सूट नाही, सगळ्यांना माहीत आहे. लोक किती गोड बोलतात, कोणी हुज्जत घालतं, कोणी हळूच खोक्याची कड बोटाने उचलून धरतं. मी सरळ सांगते, बोट काढा. मागच्या खोलीत पोती तोलायचा जमिनीवरचा मोठा काटा आहे. बारक्याच्या दोन्ही किडन्या गेल्या, आपल्या दोघींत तुझी त्याला चालेना, आणि माझी जुळली, तेव्हा डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले होते, ऐंशीच्या खाली या, मग बोलू, तोवर तुम्हाला टेबलावर घेणं धोक्याचं आहे. मी त्या दिवशी एकशे अठ्ठावीस होते. लहानपणापासून आम्हा भावंडांत तो बारक्या आणि मी ढोली, आणि आता त्याचा जीव माझ्या चरबीत अडकला होता.

दर सोमवारी खिडकी उघडायच्या आधी मी त्या मोठ्या काट्यावर उभी राहायचे आणि त्याला फोन करायचे. तो तेव्हा डायलिसिसच्या खुर्चीत असायचा, हाताला नळ्या. हॅलो नाही की काही नाही, काय गं ढोले, किती, एवढंच विचारायचा. मी आकडा सांगायचे आणि तो शेजारच्या खुर्चीतल्यांना मोठ्याने सांगायचा. म्हणे ते सगळे वाट बघायचे. एकशे वीस, एकशे तेरा, एकशे चार. मी उकडलेलं खाल्लं, उपाशी राहिले, गुडघे दुखून डोळ्यांत पाणी येईतो चालले. खोटं नाही सांगत, आयुष्यात एवढं सुख मला कधी झालं नव्हतं. माझा एकेक किलो म्हणजे त्याचं एकेक पाऊल पुढे.

मग सत्त्याण्णवला गाडं अडलं. सात आठवडे. एक ग्रॅम हलेना. आणखी कमी खाल्लं, आणखी चालले, काटा ढिम्म. पहिले तीन सोमवार मी खरं सांगितलं. तो फक्त बरं म्हणायचा. चौथ्या सोमवारी त्याचा आवाज असा खोल गेला होता, की काय गं ढोले सुद्धा त्याला पुरं म्हणता आलं नाही. माझ्या तोंडून पंच्याण्णव निघून गेलं. लगेच त्याचा आवाज उठला, वहिनी. त्याने शेजारच्यांना सांगितलं आणि मागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी फोन ठेवला आणि खिडकी उघडली. त्या दिवशी एका म्हाताऱ्याशी मी चार ग्रॅमवरून भांडले.

पुढच्या आठवड्यात मी भरून काढीन, अशी मनाची समजूत घातली होती. पण एकदा पंच्याण्णव सांगितलं की पुढे चौऱ्याण्णव सांगावं लागतं. वजन पुन्हा उतरायला लागलं तेव्हा मी दोन आकडे घेऊन हिंडत होते, एक काट्यावरचा आणि एक त्याच्यासाठीचा, आणि दोघांतलं अंतर वाढतच गेलं. दवाखान्यात माझं वजन ऐंशीला आल्याशिवाय कोणी बघणार नव्हतं. तुम्ही दोघांनी तर कधी शंकाच घेतली नाही. ताई सांगते म्हणजे काटा बोलतो, हे बारक्याचंच वाक्य.

आणि मग दवाखान्यातून तो अदलाबदलीचा निरोप आला. ते दुसरं जोडपं. त्या बाईंची किडनी त्यांच्या नवऱ्याला चालत नव्हती, बारक्याला चालत होती. तुझी त्या नवऱ्याला चालत होती. चार दिवसांत कळवा म्हणाले. तुला आठवतंय तू कुठे बसली होतीस? ओट्याला टेकून, पाय पसरून जमिनीवर. पिल्लू चार वर्षांचं होतं. आई आणि बाप दोघं एकाच दिवशी टेबलावर, उद्या काही झालं तर हिचं काय, असं तू म्हणालीस. तुझी पाचावर धारण बसली होती आणि बसणारच की. मग तू माझ्याकडे बघून विचारलंस, ताई, तुमचं अजून किती दिवसांचं आहे? बारक्याही माझ्याकडेच बघत होता. मी म्हटलं, चौऱ्याऐंशीवर आलेय, महिना, फार तर पाच आठवडे. तुझा चेहरा सैल पडला. त्याने त्याच संध्याकाळी फोन करून नकार कळवला.

त्यानंतर नवव्या आठवड्यात तो गेला. खुर्चीतच, मशीन चालू असताना. तो सोमवार होता आणि मी काट्यावरून उतरून त्यालाच फोन लावत होते. तू उचललास. त्या सकाळी काट्यावर शहाऐंशी होतं, वहिनी. त्याला ऐंशी पूर्णांक चार सांगायचं ठरवून मी फोन लावला होता.

त्यानंतर वजन आपोआप उतरत गेलं. ज्याच्यासाठी उतरायचं होतं तो राहिला नाही आणि घास घशाखाली जाईना. लोक म्हणायचे, बाई, काय कमाल केलीस, आम्हालाही सांग की युक्ती. खिडकीवर अनोळखी माणसं कौतुक करायची. एकदा एका बाईने माझ्याबरोबर फोटो काढून घेतला. मी काढू दिला. त्या फोटोत मी हसतेसुद्धा आहे, एवढी निर्लज्ज.

हे सगळं मी माझ्याबरोबरच घेऊन जाणार होते. पण आठव्या दिवशी तू फुग्यातलं पाणी मोजलंस आणि वहीत अडतीस मिली लिहायला लागलीस. तिसाच्या खाली आलं की नळी काढणार होते आणि मला ती नळी नको झाली होती. मी म्हटलं, लिही गं अठ्ठावीस, कोण बघतंय. तू हात थांबवून माझ्याकडे बघितलंस आणि खळखळून हसलीस. ताई, तुम्ही, आणि आकड्यात खोटं! तुला थट्टा वाटली. तू अडतीस लिहिलंस आणि खाली रेघ मारलीस. मी भिंतीकडे तोंड केलं. तुला वाटलं दुखतंय, म्हणून तू गोळी आणून दिलीस.

तरीही मी बोलले नसते, वहिनी. इतकी भित्री आहे मी. पण जायच्या दिवशी तू माझ्या मागे उभी राहून पट्ट्याचे हुक लावत होतीस आणि एकाएकी म्हणालीस, की तुला रोज पहाटे जाग येते आणि एकच गोष्ट डोक्यात येते, मी त्या दिवशी घाबरले नसते तर पिल्लूचा बाप आज असता. मी त्याला मारलं, असं तू म्हणालीस, आणि पुढचा हुक लावलास. मी गप्प राहिले. तुझे हात माझ्या पाठीवर होते आणि मी गप्प राहिले. दारातून तू हात हलवलास तेव्हाही. पाच दिवस तुझं ते वाक्य माझ्याबरोबर घरभर फिरतंय. म्हणून हे पत्र. तू घाबरली होतीस, पण तू नाही म्हणाली नव्हतीस. तू मला एक साधा प्रश्न विचारलास. मी खरं सांगितलं असतं तर तू कापत कापत का होईना, त्या टेबलावर जाऊन झोपली असतीस, हे मला तेव्हाही माहीत होतं. ज्या दिवशी तू विचारलंस, त्या दिवशी मी एक्क्याण्णव किलो होते. तू त्याला मारलं नाहीस. उद्या पहाटे जाग आली तर माझं नाव घे.

तुझीच म्हणवून घ्यायची अजून हिंमत करणारी,
ताई