आपल्या हाउसची मॅच

१० जून, सोमवार

जागा निघाली एकदाची! आमच्या कॉलेजात जिमखाना सहाय्यक. कंत्राटी आहे, पण निघाली. किती वर्षं मागं लागले होते सगळ्यांच्या. येत्या मे अखेरीस मी निवृत्त होणार. त्याआधी माझ्या हाताखाली कुणी तयार झालं नाही, तर संध्याकाळचा मुलींचा तास महिनाभरही टिकायचा नाही. क्रिकेटवाल्यांचा मैदानावर डोळा आहेच.

लगेच तमन्नाला फोन लावला. हुपरीला घरीच होती, वडिलांबरोबर पैंजणांना पॉलिश करत.

"मी भरू अर्ज, मॅडम? खरंच?"

खरंच म्हटलं. तिच्याशिवाय कोण? दोन वर्षं आमच्या जिमखान्याची विद्यार्थी प्रमुख होती. मग बी.पी.एड. केलं, कबड्डीची पंच परीक्षा पास झाली. हिच्यासाठीच तर जागा मागत होते मी. इथं लिहायला हरकत नाही.

१४ जून

जुने फोटो काढून बसले होते. एका फोटोत तमन्ना मैदानाच्या कडेला उभी, गळ्यात शिट्टी, कपाळाला आठ्या. त्या दिवशी तिनं एम.ए.च्या एका दांडगोबाला चपला घालून आला म्हणून बाहेर काढलं होतं. तो माझ्याकडं तक्रार घेऊन आला. मी म्हटलं, आज किल्ली तिच्याकडं आहे, तिला विचार.

माझी पद्धतच ती. शिक्षक कमी, म्हणून जिमखाना मुलांच्याच हाती दिला. ज्याची पाळी, त्याच्याकडं किल्ली आणि शिट्टी. त्या दिवशी सगळ्यांनी त्याचं ऐकायचं, मीसुद्धा. नियम मात्र एक — ज्याच्या वर्गाचा सामना, त्यानं शिट्टी धरायची नाही. उठायचं आणि दुसऱ्याला द्यायची.

हा नियम सिस्टर आग्नेसचा. कॉन्व्हेंट शाळेत मी आठवीत होते, रेड हाउसची कॅप्टन. थ्रोबॉलची फायनल, आमच्याच हाउसची, आणि शिट्टी माझ्याकडं. सिस्टर आल्या, माझ्या गळ्यातली शिट्टीची निळी फीत हळूच काढून घेतली आणि म्हणाल्या, "नॉट युअर ओन हाउस, चाइल्ड." त्यांच्या हातांना साबणाचा वास यायचा. अजून येतो, फीत आठवली की.

२४ जून

धैर्यशीलनंही अर्ज केलाय. आमच्या संस्थेचे सेक्रेटरी बाळासो सर, त्यांचा सख्खा पुतण्या. बी.पी.एड. आहे, रंकाळ्याकडं जिम चालवतो. मुलगा वाईट नाही, वाकून नमस्कार करतो. पण मैदानावर मोबाइल कानाला.

काळजी नको. मुलाखत घ्यायला तिघंच — प्राचार्य, बाळासो सर आणि मी.

२ जुलै, मंगळवार

मुलाखती झाल्या.

तमन्नाचं नाव पुकारलं आणि मी उठले. म्हटलं, ही माझी विद्यार्थिनी, मीच घडवलेली. माझं मत मोजू नका, मी बाहेर थांबते. प्राचार्य गडबडले. बाळासो सर मात्र हसले. "मॅडम, तुमचं तत्त्व म्हणजे तत्त्व! दोघांच्या मुलाखती होईपर्यंत निवांत चहा घ्या." तमन्ना दारातून आत येत होती. मी बाहेर जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं बघितलं माझ्याकडं.

मग धैर्यशीलला बोलावलं. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून वाट बघितली, की आता बाळासो सर बाहेर येतील. काका तर आहेत.

दार उघडलंच नाही. आतून हसण्याचे आवाज आले.

५ जुलै

धैर्यशील. अर्थात.

तमन्ना आली होती. केबिनमध्ये बसली नाही, बाहेर गुलमोहराखाली उभी राहिली. म्हटलं, चल, आत चहा घे. नको म्हणाली, हुपरीची गाडी आहे.

"एक विचारू, मॅडम? तुमी का उठलासा?"

मी नियम सांगितला. जणू तिला ठाऊक नाही!

"व्हय, पर सर कुठं उठले? त्यांचा पुतण्या हुता की."

मी म्हटलं, त्यांनी काय केलं ते त्यांच्यापाशी. मला माझं स्वच्छ ठेवायला हवं.

"तुमचं स्वच्छ राहिलं मॅडम," एवढंच म्हणाली आणि गेली. मागं वळली नाही.

६ जुलै

आक्का — माझ्या थोरल्या नणंदबाई, इथंच मंगळवार पेठेत माझ्याजवळ असतात — सगळं ऐकून भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तू उठलीस आणि त्यो मांडी ठोकून बसला. खुर्चीला काटं हुतं व्हय गं?"

मी सिस्टरांचं सांगितलं.

"तुझ्या त्या सिस्टरबाईला म्हणावं, चार दिस आमच्या पेठंत राहून बघ."

जेवले नाही.

१९ ऑगस्ट

मुलींचा तास अर्धा झाला. धैर्यशील म्हणतो, मुली येतातच कुठं, मॅडम? येतात. पण क्रिकेटचं नेट आधीच लावून ठेवलेलं असतं, मग भिंतीला टेकून उभ्या राहतात आणि घरी जातात.

वर्षाराणी यंदाची विद्यार्थी प्रमुख, कबड्डी संघाची कॅप्टनही. तिच्याकडची किल्ली आणि शिट्टी त्यानं काढून घेतली. "पोरांच्या हातात कशाला? मी आहे ना." प्राचार्यांकडं गेले. ते म्हणाले, जाऊ दे हो मॅडम, थोडेच महिने राहिलेत तुमचे.

इतकी वर्षं मुलांना पुढं उभं राहायला शिकवलं. इथं कुणाला तशी मुलं नकोच आहेत. रांगेत उभी राहणारी हवीत.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. तमन्नाचा फोन नाही. दरवर्षी पहिला तिचा असायचा.

२ ऑक्टोबर

वर्षाराणीकडून कळलं — तमन्ना शाहूवाडीकडं एका शाळेत खेळ शिकवते. सुट्टीच्या दिवशी पंच म्हणून सामन्यांना जाते. मी फोन केला. उचलला नाही.

११ जानेवारी, शनिवार

आंतरमहाविद्यालयीन कबड्डी, मुलींची फायनल. यजमान आम्हीच, अंतिम फेरीत आम्हीच. नेट लावलेलं असताना उरलेल्या तुकड्यात सराव करून पोरी इथवर आल्या! मी रेषेजवळच खुर्ची घेऊन बसले होते.

पंच म्हणून तमन्ना आली. केस घट्ट बांधलेले, गळ्यात शिट्टी. मला वाटलं, आता आमच्या कॉलेजचं नाव ऐकून बाजूला होईल. मीच शिकवलेलं. नाही झाली. नाणं उडवलं आणि सामना सुरू केला.

शेवटची चढाई. वर्षाराणी दोघींना शिवून परत वळली, मध्यरेषेवर हात टेकला, आमच्या पोरी नाचायला लागल्या. तमन्नाची शिट्टी वाजली. पाय मैदानाबाहेर. बाद.

एका गुणानं गेलो.

धैर्यशील मैदानात धावला. "जागा मिळाली न्हाय म्हणून डूख धरलास व्हय गं?" पोरीही रडत तेच म्हणत होत्या — मॅडम, हिनं सूड घेतला. तमन्ना जागची हलली नाही. गुणफलकाकडं हात करून उभी राहिली.

सगळे पांगल्यावर मी तिच्याजवळ गेले. म्हटलं, हे तुझं कॉलेज. तू उठायला हवं होतंस.

"उठल्यावर शिट्टी कुणाच्या हातात जाती, ते बघितलंय की मॅडम मी."

मग खाली बघत म्हणाली, "तुमी रेषेवरच बसला हुतासा."

रिक्षा करून घरी आले.

१३ जानेवारी, सोमवार

पाय बाहेर होता. मला स्वच्छ दिसला होता. आज मैदानावर सगळ्या पोरींना तसं सांगितलं, वर्षाराणीच्या तोंडावर.

पाच वाजता, मुलींच्या तासाला, नेट घेऊन मुलं आली. धैर्यशील म्हणाला, "मॅडम, जरा सरकता का?"

मैदानाच्या मधोमध खुर्ची टाकून बसले होते. नाही उठले.