बागेतली हाक

प्रिय गार्गी,

मुलुंडला पोचल्याचा मेसेज टाकला, त्यानंतर धड बोललेच नाही तुझ्याशी. 'आई, रुसलीस का?' असं तू विचारलंस. हो, रुसले होते. फोनवर सांगायला गेले तर तू 'बरं बरं' करून विषय बदलशील, म्हणून लिहितेय.

त्या रविवारी तू मला आणि तुझ्या सासूबाईंना, माणिकताईंना, पोर्टलंडच्या त्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या बागेत नेलंस. बाग झकास होती, नाही म्हणणार नाही. डोक्याच्या वर गेलेली झुडपं, पानं दिसू नयेत इतकी फुलं, गुलाबी, जांभळी, पिवळट. पण माझं लक्ष फुलांत कुठलं! तुझ्या बाळंतपणात इकडे बाबांची बायपास निघाली, मला येता आलं नाही. माणिकताई आल्या, आणि तेव्हापासून येऊनजाऊन तिथल्याच झाल्या. 'इकडून चला, तिकडे चिखल आहे,' असं मला सांगत होत्या, जणू बोरीवलीची त्यांची सोसायटीच! तुझी श्रुतिका त्यांचं बोट धरून प्रत्येक झाडापाशी 'दोदो, दोदो' करत होती. एवढं अवघड नाव त्यांनीच तिला सोपं करून दिलेलं. मी हात पुढे केला तर पोर त्यांच्या साडीत शिरली. त्या म्हणाल्या, 'अगो, ही पण तुझी आजीच आसा!' माझ्या नातीला माझी ओळख त्यांनी करून द्यायची? माझे कान तापले.

मग उतारावर तुझा पाय घसरला आणि तू 'आई' म्हणून ओरडलीस. मी पाण्याची बाटली टाकून धावले. तुझा हात मात्र त्यांच्याकडे गेला होता. त्या जवळ होत्या, कबूल. पण गार्गी, त्या हाकेला इतकी वर्षं मी एकटी ओ देत आले गं. घरी आल्यावर तू त्यांची सोलकढी दोनदा मागून घेतलीस, आणि माझ्या कोथिंबीर वड्या डब्यातच राहिल्या. माझ्याच विमानाने त्याही परत निघाल्या, तेव्हा मला मनातून बरं वाटलं. लिहायला लाज वाटत नाही.

परवा दुपारी दार वाजलं, तर माणिकताई! न कळवता बोरीवलीहून बसने आल्या होत्या. मी चहाचा कप पुढे केला, त्यांचा हात कपाच्या बाजूने निघून गेला. मी बघितलं, हे त्यांना कळलं. मग म्हणाल्या, 'काचबिंदू आहे, जयंतीताई. बाजूचं दिसेनासं झालंय. गेलेलं परत येत नाही म्हणतात डॉक्टर. उरलेलं टिकवायला औषध चालू आहे.' लेकाला, नितेशला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली, तो नोकरी सोडून धावत येईल म्हणे. कशाला आल्या होत्या माहितेय? 'तुम्ही पुढल्या खेपेला जाल ना, तेव्हा पोरीचे फोटो मोठे मोठे काढून आणा,' एवढं सांगायला. बसस्टॉपपर्यंत मी त्यांचा दंड धरून गेले.

तर हे पत्र त्यासाठी. येत्या एप्रिलचं तिकीट माझ्या नावाचं काढू नकोस, त्यांचं काढ. आधी त्यांच्या डॉक्टरांना विचार, आणि नितेशला आजच सांग. शपथ मी मोडली म्हणून त्या रागावतील, रागावू देत. आणि मी मोठ्या मनाची झालेय असं मुळीच समजू नकोस. त्या पुन्हा तुझ्या स्वयंपाकघरात वावरणार, पोर त्यांच्याच कुशीत झोपणार, या विचाराने आत्ताही जळफळाट होतोय. पण मला काय, श्रुतिका त्यानंतरही दिसेल. त्यांना या खेपेला डोळे भरून बघू दे.

तुझीच,
मुलुंडची आई