यादीतलं सातवं नाव

मी, सत्यशीला लिंबाजी वाव्हळे, वय ६१, निवृत्त भूगोल शिक्षिका, राहणार सेलू, जि. परभणी, राजीखुशीने लिहून ठेवते की, माझं काळीज अधू झालं आहे, डोकं ठिकाणावर आहे. भाऊ नागनाथ याने उलट सांगितल्यास मानू नये.

१. राहतं घर भाची सरजा हिला. तिच्या वडिलांना, म्हणजे नागनाथला, काही नाही. माझ्या पोस्टकार्डांना तो वीस वर्षं रद्दी म्हणत आला.

२. नकाशे शाळेला द्यावेत. उंदरांनी खाल्लेला आफ्रिकेचाही द्यावा.

३. देशोदेशींच्या आमच्या पोस्टकार्ड मंडळाची वही आणि टाइपरायटर सरजाला. यादीत एकोणीस नावं आहेत. प्रत्येकाने आपल्या खालच्या नावाला कार्ड पाठवायचं. येईल त्याला घ्यायचं, कुणाला काढायचं नाही, हा नियम माझाच.

४. तो मीच मोडला. यादीत सहाव्या अमेरिकेच्या बाई, सातवे इराकमधल्या बसऱ्याचे यासीन मास्तर. नोव्हेंबरात बाईंनी लिहिलं, ‘माझा मुलगा सैन्यात आखातात गेला आहे, मी इराकला लिहिणार नाही. ते नाव काढा.’ मी त्यांना सातवं नाव गाळून यादी पाठवली. यासीन मास्तर सोडून बाकीच्यांना कळवलं, ‘माझं काही नाही, सभासदांची इच्छा आहे.’

नामांतराच्या दंगलीत गावाने आमच्या बौद्ध वस्तीचं दळण बंद केलं, तेव्हा मी डबा घेऊन गिरणीच्या दारात उभी होते. गिरणीवाला म्हणाला होता, ‘माजं काय न्हाई बाई, गाव म्हणायलंय.’ तेच वाक्य मी टाइप केलं. मला माझीच लाज वाटते.

५. जानेवारीत, कुणाच्या तरी हस्ते शेजारच्या देशातून, अम्मानहून टाकलेलं यासीन मास्तरांचं कार्ड आलं: ‘यंदा मला कुणाचंच कार्ड नाही. मी यादीत आहे ना?’ उत्तर घेऊन गेले तर पोस्टातले कारकून म्हणाले, ‘बाई, तिकडचं टपालच बंद हाय. आमी तरी काय करावं?’

ते उत्तर बिस्किटांच्या डब्यात आहे: ‘तुमचं नाव मी काढलं होतं. परत घातलं आहे. सातवंच.’ सरजाने दर सोमवारी खिडकीवर विचारावं, घेतील त्या दिवशी टाकावं. घेणारं कुणी उरलं नसेल तर कार्ड परत येईल. तरी नाव काढू नये.

स्थळ: सेलू. ११ फेब्रुवारी १९९१, सोमवार. आजही विचारून आले. बंदच आहे.

सही: सत्यशीला वाव्हळे
साक्षीदार: दत्तराव काळदाते (सही), बायनाबाई खंदारे (डाव्या हाताचा अंगठा)