बालीला तुम्ही एकटे जा

अहो,

मी बाहुबलीला दर्शनाला जातेय. बालीला येणार नाही. समोर राहिले तर तुम्हीही जाणार नाही.

तिकडच्या नोटांवरचे आकडे बघून गडबडू नका. शेवटची तीन शून्यं झाकायची, उरेल त्याला पाचानं गुणायचं. लाखाची नोट म्हणजे आपले पाचशे. डॉलरची चौघडी करून खिशात कोंबू नका, घडी पडलेली नोट बदलून देत नाहीत.

तुमच्या ऑपरेशनच्या दिवशी मी महाराजांकडे नियम घेतला, तुम्ही उठलात तर कधी समुद्र ओलांडणार नाही. लग्नापासून बेट बघायची हौस, म्हणून तीच सोडली. बरे झालात आणि माझ्या त्याच हौसेपायी तुम्ही तिकिटं काढलीत. तोंडावर सांगवेना.

टूरमधले सगळे जोडीनं फोटो काढतील. तेव्हा लांब जाऊन उभे राहू नका.

गुणमाला