आधी पीठ, मग हाक

१७ मार्च २००३
गच्ची कोरडी ठणठणीत. ऊन नुसतं वाया चाललंय. पंचवटीतल्या आमच्या गल्लीत या दिवसांत दारोदार खाटा असायच्या, खाटेवर उडदाचे पापड. आज हिच्याकडे लाटायचे, उद्या तिच्याकडे. आता गल्लीची बिल्डिंग झाली. माणसं बरीचशी तीच, पण दारं लावलेली. थोरल्या जाऊबाई, आक्का, इथं असत्या तर... त्या गेल्या मालेगावला, लेकाकडे.

१९ मार्च
वाचनालयातून स्वभावावरचं पुस्तक आणलं. शाळा सातवीपर्यंतच, पण चष्मा लावून नेटानं वाचते. चिकाटी निराळी, पुढाकार निराळा, म्हणे. आम्हा जावांचंच की! हाक आक्कांची, शेवटचा पापड माझा. बाकीच्या कंबर धरून उठल्या तरी मी लाटतच. पण पहिली हाक? कधीच नाही. आक्का तर पिठाच्या हातांनीच बोलवायला निघायच्या. बाईला दम म्हणून नाही, असं म्हणून आम्ही हसायचो.

२२ मार्च
जिन्यात तळमजल्याच्या शिंदेवहिनी. जुन्या लाटणाऱ्या. विचारायचं अगदी जिभेवर आलं होतं. विचारलं काय, तर पाणी आलं का. कोपरापासून हात माझ्या शहाणपणाला.
हल्ली पापड विकतचेच आणतात, त्याच म्हणाल्या. मग तर तोंडच मिटलं.

२४ मार्च
आक्कांना फोन. गुडघे बसलेत, जीभ पळतेय. "सुमन, तू जन्माची दुसरी. पहिली कधी होणार, मी गेल्यावर?"
मी म्हटलं, कुणी आलंच नाही तर?
मग म्हणाल्या, "मलाही तेच भ्या वाटायचं गं. म्हणून आधी पीठ भिजवायची. भिजलेलं पीठ घरात असलं की बाईला दार ठोठावावंच लागतं."
इतकी वर्षं मी समजत होते, आक्का उपजतच धीट. पुस्तकात हे कुठंच नाही.

२६ मार्च, सकाळी
भिजवलं. मिरी, पापडखार, सगळं आक्कांच्या हातासारखं. तेल लावून कुटलंही. परातभर झालंय, एकटीच्यानं काही उरकायचं नाही. हात धुतले नाहीत, वहीला डाग पडलेत, पडोत.
खालून कुकरची शिट्टी आली. म्हणजे वहिनी आहेत घरात.
एवढी ओळ लिहून जाते म्हणत इतकं लिहिलं. पीठ सुकायला लागलंय वरून. लाटणं बरोबर न्यावं की नको... नेतेच.